पहाऱ्यावरचे लक्ष

श्रोतेहो, झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर आले की बबीना लागते. मराठी माणसाला झाशी ठाऊक असते. बबीना ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्याच्या घरातील कोणी रणगाडा दलात आहे, त्याने मात्र हे नाव कधी ना कधी पाकिटावर लिहिलेले असते. लष्कराची ही जुनी छावणी. भोवती बुंदेलखंडाचा खडकाळ माळ, त्यावर पळसाची झुडुपे, एका अंगाला बेतवा नदी, आणि त्या माळावर तोफांच्या सरावासाठी राखलेले विस्तीर्ण मैदान. त्याला येथे सारे ‘रेंज’ म्हणतात. सराव असला की लाल निशाणे चढतात, आसपासच्या गावांना आगाऊ सूचना जाते, आणि मग दिवसभर थांबून थांबून रणगाड्याच्या १२५ मिलिमीटर तोफेचा आवाज येत राहतो. हा सरावही निर्धोक नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच रेंजवर तोफेची नळी फुटून दोन सैनिक मृत्युमुखी पडले. एरवी मात्र तो आवाज आमच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. नवा माणूस पहिल्या दिवशी दचकतो, दुसऱ्या दिवशी नुसता थांबतो, आणि आठवड्याभरात खिडकीची तावदाने थरथरत असताना तो खुशाल बेरीज करीत असतो. मनाची ही शक्ती आपण गृहीत धरतो. जे कामाचे नाही ते ऐकू न येणे, ही किती मोठी देणगी आहे हे ती हरपलेला माणूस जवळून पाहीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी सरकारी नोकर आहे. मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे, एम. ए. केले तेही इतिहास घेऊन. म्हणून पुढील बोलण्यात वैद्यकाचा जो भाग येईल, तो जाणत्यांकडून समजून घेतलेला आहे, एवढे आधीच सांगितलेले बरे.

माझ्या हाताखाली एक कारकून आहेत. सातारा जिल्ह्यातले. सतरा वर्षे पलटणीत काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेवर आमच्या कचेरीत आले. कचेरीत सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्यांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे. “सांगा साहेब, फक्त नाव नको,” एवढीच त्यांची अट.

त्यांच्या कामात चुका होत. आवक नोंदवहीत एक क्रमांक दोनदा पडे, एका फाईलचे पत्र दुसऱ्या फाईलला लागे, बिलाची बेरीज तीन वेळा केली तर तीन उत्तरे येत. मी काही सांगू लागलो की मान हलवीत, आणि दहा मिनिटांनी परत येऊन, “साहेब, मघाशी शेवटी काय म्हणालात?” असे विचारीत. दुसरीकडे, फाटकाशी रोजच्यापेक्षा निराळी मोटारसायकल उभी आहे, शिपायाने आज नवे बूट घातले आहेत, मागच्या खोलीची खिडकी कोणी तरी उघडली आहे, हे त्यांना सर्वांच्या आधी कळे. मला याचाच राग येई. दारातून कोण आले ते पाहण्यास यांना सवड आहे, समोरचा कागद पाहण्यास नाही, असा मी हिशेब मांडला आणि त्यांच्या वार्षिक अहवालात शेरा लिहिला: ‘कामाकडे लक्ष नाही. निष्काळजी.’

असा अहवाल हल्ली संबंधित नोकरास दाखवावा लागतो आणि हरकत घेण्यास त्याला पंधरा दिवसांची मुदत असते. हवालदारसाहेबांनी हरकत घेतली नाही. शेरा कायम झाला. मान्य असल्यावाचून माणूस गप्प का बसेल, असे मी मनाशी म्हटले.

पुढे काही आठवड्यांनी, ते रजेवर असताना, एका कागदासाठी मला त्यांचा खण उघडावा लागला. वरच अहवालाची प्रत होती. पहिल्या परिच्छेदाखाली रेघा मारलेल्या होत्या: एकदा निळ्या शाईने, एकदा काळ्या, एकदा पेन्सिलीने. परिच्छेदाच्या शेवटाशी लाकडी पट्टी आडवी ठेवलेली. त्याखालचा मजकूर कोरा, हात न लागलेला. माझा शेरा दुसऱ्या पानावर होता.

ते परतल्यावर मी विचारले. त्यांचे उत्तर मी जसेच्या तसे सांगतो. “वाचायला घेतलं होतं की साहेब. रोज घेत होतो. ओळ वाचून होते, आणि मनात काही राहत नाही. मग परत पहिल्यापासून धरायचं. अशानं पंधरा दिवस गेले.” मी म्हटले, “मग मन जाते तरी कुठे?” ते म्हणाले, “कुठं जात नाही साहेब. हितंच असतं. दाराकडं.”

श्रोतेहो, ‘अवधान’ हा मराठीतला फार जुना शब्द. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागण्यानेच सुरू होतो. कीर्तनकार तेच मागतो, शिक्षक तेच मागतो, आणि या क्षणी मीही आपल्याकडे तेच मागत आहे. मागताना आपण असे धरून चालतो की ते ऐकणाऱ्याच्या हाती आहे. त्याने मनात आणले तर द्यावे, न आणले तर न द्यावे. हवालदारसाहेबांजवळ अवधान भरपूर होते. ते कोणी तरी आधीच कामाला लावून ठेवले होते.

ते कोणी व केव्हा, हे कळण्यास मला बरेच महिने लागले. काश्मीर खोऱ्यातील एका रस्त्यावर त्यांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली होती. ते मागच्या गाडीत होते. त्या प्रसंगाविषयी ते तीन वाक्यांपेक्षा अधिक माझ्यापाशी कधी बोलले नाहीत: “रस्त्याच्या कडेला पत्र्याचा डबा पडला होता. मी तो बघितला होता. बोललो नाही.” त्या डब्याचा आणि सुरुंगाचा काही संबंध होता की नव्हता, हे आज कोणी सांगू शकणार नाही. त्यांच्यापुरता तो आहे. त्या दिवसापासून कडेला पडलेली कोणतीही वस्तू न पाहता पुढे जाण्याची मुभा त्यांच्या मनाने त्यांना दिलेली नाही.

वैद्यकात याला आघातोत्तर ताणाचा विकार म्हणतात. जिवावरचा प्रसंग स्वतःवर आला, किंवा डोळ्यांदेखत दुसऱ्यावर आला, तर काही माणसांच्या मनात तो संपतच नाही. तो स्वप्नात येतो, जागेपणी अचानक येतो. त्याची आठवण करून देणारी ठिकाणे माणूस टाळू लागतो. झोप तुटते, चीड वाढते, लहानशा आवाजाने दचका बसतो, आणि चित्त एकाग्र होत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानग्रंथात या विकाराला आजचे नाव दिले, त्या वेळच्या यादीतही एकाग्रतेचा अभाव होता आणि २०१३ च्या आवृत्तीतही आहे. परंतु दुःस्वप्ने आणि दचकणे यांची चर्चा जितकी होते तितकी याची होत नाही. कारण उघड आहे. दुःस्वप्नाला कोणी दोष देत नाही. विसरलेल्या कामाला मात्र देतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे मागे जावेसे वाटते. ज्या भूमीवर मी राहतो तिने १८५८ च्या मार्चमध्ये तोफा ऐकल्या आहेत. सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांचा पराभव केला आणि ३ एप्रिलला फौज शहरात शिरली. पुढे अनेक दिवस कत्तल आणि लूट चालली. त्या शहरात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकलेले होते. ते जिवानिशी सुटले, अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी सारे लिहून काढले. ‘माझा प्रवास’ या नावाने ते १९०७ साली छापून आले. पाव शतकानंतरही त्यांच्या लेखणीला प्रसंगांचा क्रम सुटलेला नाही. हे मी अशासाठी सांगतो की भयंकर पाहिलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. बहुतेक माणसे काही काळ हादरतात आणि मग सावरतात. पण त्यावरून न सावरलेल्याला भित्रा ठरवण्याची जी पद्धत पडली, ती फार महागात गेली.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात काय सोसले, हे सातारा-कोल्हापूर भागात अजून सांगितले जाते. पुणे डिव्हिजन कुतच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेले. त्याआधी एकच वर्ष, १९१५ साली, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टराने ‘शेल शॉक’ हा शब्द ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेतून वापरात आणला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी आरंभीची समजूत होती. गोळ्याच्या जवळपासही नसलेले सैनिक तसेच आजारी पडू लागले तेव्हा ती डळमळली. त्याच मेसोपोटेमियात १९१७ साली दोन ब्रिटिश शिपायांना पहाऱ्यावर झोपल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात ज्यांना मृत्युदंड झाला, त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली कायद्याने क्षमा केली. नव्वद वर्षांनी. माझा शेरा त्या मानाने फारच किरकोळ. तो लिहिताना मला कोणी अडवले नाही, एवढे मात्र दोहोंत समान आहे.

आता या विकारात लक्षाचे नेमके काय होते, ते मला समजले तसे सांगतो. मेंदूच्या खोल भागात बदामाएवढा एक पुंजका आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची वर्दी देणे हे त्याचे एक काम. कपाळामागील भाग विचाराचा, निवडीचा आणि आवर घालण्याचा. वर्दी आली की नॉरॲड्रेनलीन हे द्रव्य वाढते. ते बेताचे असले तर माणूस तरतरीत होतो. फार वाढले तर कपाळामागचा तो भाग मंदावतो आणि खालची घाईची यंत्रणा कारभार हाती घेते. वाघ समोर आला असता ही व्यवस्था उत्तमच. त्या वेळी वाघाच्या पट्ट्यांची बेरीज करावयाची नसते. वाघ निघून गेल्यावरही वर्दी थांबत नाही, हा आजार.

वाचन किंवा हिशेब करताना आपण मनात एक लहानशी पाटी धरलेली असते. वाक्याचा आरंभ तिच्यावर राहतो म्हणून त्याच्या शेवटाला अर्थ येतो. हातचा एक तिच्यावर असतो म्हणून बेरीज जमते. दर थोड्या वेळाने दाराकडे पाहून यायचे असेल तर ती पाटी प्रत्येक वेळी पुसली जाते. एक साधा प्रयोग या बाबतीत पुष्कळ वेळा केला गेला आहे. रंगीत शाईने लिहिलेले शब्द दाखवायचे आणि शब्द न वाचता फक्त रंग सांगण्यास सांगायचे. हा विकार असलेले युद्धातील सैनिक इतर शब्दांचे रंग झटपट सांगतात, युद्धासंबंधीचा शब्द आला की अडखळतात. रंग त्यांना दिसतच असतो. शब्दाने त्यांना धरून ठेवलेले असते. २०१५ साली अशा साठ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. बोललेले शिकून लक्षात ठेवणे, माहिती हाताळण्याची गती, अवधान आणि ती मघाची पाटी, यांतच अधिक उणेपणा दिसला.

मला सर्वांत जास्त बोलकी वाटली ती २००६ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकी सैनिकांची पाहणी. इराकला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. न गेलेल्यांच्याही घेतल्या. जाऊन आलेल्यांचे सलग लक्ष थोडे घटलेले होते, शब्द आणि आकृत्या ध्यानात ठेवण्याची शक्तीही घटली होती. आणि खूण दिसताच बटण दाबण्याचा त्यांचा वेग वाढलेला होता. हे सगळेच आजारी नव्हते, हे लक्षात घ्यावे. पण मी ते वाचले तेव्हा मला फाटकाशी उभी असलेली मोटारसायकल आठवली.

लक्ष लागत नाही याचे कारण दर वेळी हेच असेल, असे मात्र नव्हे. स्फोटाच्या धक्क्याने डोक्याला झालेली इजा, मद्य, खिन्नता, थायरॉइडचा दोष, आणि साधी अपुरी झोप, यांतही हेच दिसते, आणि पुष्कळदा यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र नांदतात. तपासणीत असे निघाले की हवालदारसाहेबांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे. मी पाच वर्षे त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून सूचना देत होतो. हे ऐकून मी हसलो, आणि मग मला हसल्याची लाज वाटली.

रेंजच्या आवाजाची गोष्ट मघाशी अर्धी राहिली. मला वाटे की त्यांना त्रास होतो तो तोफांचा. तसे नव्हते. “तोफेची नोटीस येते साहेब. ती आपलीच असते. दाराच्या कडीची नोटीस येत नाही.” अपेक्षित मोठ्या आवाजापेक्षा अनपेक्षित लहान आवाज त्यांना अधिक हलवी, आणि सराव नसलेल्या दिवशी, अगदी निवांत दुपारी, त्यांच्या चुका सर्वांत जास्त होत. शांततेत ऐकण्यासारखे पुष्कळ असते. घरी वहिनींचा अनुभव हाच होता. त्या म्हणाल्या, “रात्री गाव निजलं की हे जागे. दोनदा उठून कडी बघत्यात. सिनेमा म्हणून शेवटापर्यंत कधी बघितला नाही.”

हा विकार सैनिकांपुरता आहे असेही कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. वाचलेल्यांत किती तरी जण पुढे छताखाली निजण्यास धजेनात. अशा गावातील एखादे मूल वर्गात बसून आढ्याकडे पाहत राहिले, तर त्याला गणित येत नाही असे म्हणावे की ते आढ्याची राखण करीत आहे असे म्हणावे? ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेले. दर पावसाळ्यात दरडीखालच्या वाड्यांतून हा प्रश्न उभा राहतो, आणि तो शिक्षकापुढे, मुकादमापुढे, माझ्यासारख्या अधिकाऱ्यापुढे येतो. डॉक्टरापुढे फार उशिरा येतो.

उपचार आहेत. प्रशिक्षित चिकित्सकापुढे तो प्रसंग सुरक्षितपणे, पुनःपुन्हा, सगळा सांगणे, आणि त्याभोवती मनाने रचलेल्या समजुती तपासणे, हा त्यांचा गाभा; काहींना औषधांची जोड लागते. हवालदारसाहेब प्रथम जाण्यास तयार नव्हते. वेड्याच्या डॉक्टराकडे गेल्याची बातमी गावाकडे पोचली तर मुलीच्या लग्नाचे काय, ही त्यांची भीती. आणि ती भीती निराधार आहे, असे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगू शकलो नाही. अखेर वहिनींनी झोपेची तक्रार पुढे केली आणि झोपेसाठी म्हणून ते झाशीला गेले. १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांकरिता टेलि-मानस या दूरध्वनी सेवेचा खास कक्ष प्रायोगिक रीतीने सुरू झाला. फोनवर चेहरा दिसत नाही, ही त्यांची मोठी सोय असते.

कचेरीत जे करता आले ते अगदी साधे होते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारालाही वाजवी सोयीचा अधिकार दिलेला असल्यामुळे त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागली नाही. त्यांचे टेबल पूर्वी दाराकडे पाठ करून होते. आता पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे आहे. मला वाटले होते की दार समोर आल्यावर ते दिवसभर तिकडेच पाहतील. उलट झाले. दार समोर दिसते म्हणून ते वळून पाहावे लागत नाही. बेरजेची कामे सकाळी, विसाव्या मिनिटाला उठण्याची मुभा, सूचना कागदावर आणि बोलायचे ते उजव्या कानाशी. लांब पत्र ते पट्टी धरून हलक्या आवाजात वाचतात; आरंभी इतर कारकून हसत, आता हसत नाहीत. चुका थांबलेल्या नाहीत, कमी झाल्या आहेत. मागील हिवाळ्यात शिपायाच्या हातून लोखंडी पेटी पडली, त्या दिवशी ते दोन तास काही करू शकले नाहीत आणि आम्ही काही करावयास सांगितलेही नाही.

माझा शेरा तसाच आहे. मुदत टळलेली असल्यामुळे तो काढण्याची वाट राहिलेली नाही. पुढच्या वर्षीचा अहवाल मी निराळा लिहिला, पण बढतीच्या वेळी दोन्ही कागद पुढे येतील आणि वाचणारा मला ओळखत नसेल.

हे भाषण लिहून झाल्यावर मी त्यांना वाचावयास दिले. त्यांनी चार दिवस ठेवून घेतले. परत आले तेव्हा प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची फिकट रेघ होती, शेवटच्या पानापर्यंत. आणि आरंभी मी तोफ १२० मिलिमीटरची लिहिली होती, तो आकडा खोडून त्यांनी वर १२५ केला होता.